संगणक-शंका : जुने यंत्र, हलकी सिस्टिम

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा संपला. तेव्हापासून या सदराकडे येणाऱ्या पत्रांत जुन्या संगणकांची पत्रे निम्म्याहून अधिक भरू लागली आहेत. कोणाकडे सहा-सात वर्षांचा लॅपटॉप आहे, तर कोणी माळ्यावरून थेट पेंटियम खाली काढला आहे. प्रत्येकाचा प्रश्न थोड्याफार फरकाने एकच असतो, तो म्हणजे एखादी हलकी ऑपरेटिंग सिस्टिम घालून हे यंत्र पुन्हा चालते करता येईल का. उत्तर मात्र यंत्रानुसार आणि त्याहीपेक्षा कामानुसार बदलते, म्हणून या वेळी सहा पत्रे निवडून त्यांनाच सारी जागा दिली आहे.

प्रश्न : २००३ साली लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग घेऊन जुळवलेला पेंटियम ४ संगणक आमच्याकडे आहे. प्रोसेसर २.४ गिगाहर्ट्झ, रॅम ५१२ मेगाबाइट, हार्ड डिस्क ४० गिगाबाइट, मॉनिटर १७ इंची काचेचा आणि सिस्टिम विंडोज एक्सपी. वडिलांना त्यावर मराठीत आठवणी लिहायच्या आहेत, नाट्यगीते ऐकायची आहेत आणि जमल्यास बँकेचे खाते पाहायचे आहे. दुरुस्तीवाला म्हणतो, भंगारात घाला. मामेभाऊ म्हणतो, लिनक्स टाका, नव्यासारखा पळेल. कोणाचे ऐकावे? — एक वाचक, गिरगाव

उत्तर : लिहिण्यासाठी मामेभावाचे ऐका आणि बँकेसाठी दुरुस्तीवाल्याचे. एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ रोजीच संपला असल्यामुळे इंटरनेटची वायर मात्र आजच काढून ठेवा.

कोणतीही नवी सिस्टिम निवडण्याआधी प्रोसेसरविषयी दोन गोष्टी ठाऊक हव्यात. पहिली, तो ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा, म्हणजे एका वेळी केवढा आकडा हाताळतो. इंटेलच्या घरगुती प्रोसेसरांत ६४ बिट आले ते पेंटियम ४ च्या शेवटच्या काही प्रकारांत आणि सरसकट आले ते २००६ मधील कोअर २ ड्युओपासून. आपला २००३ चा प्रोसेसर ३२ बिटांचाच असणार. दुसरी गोष्ट म्हणजे त्याला एसएसई२ या नावाच्या आज्ञा समजतात की नाही, कारण आजचे बहुतेक सगळे ब्राउझर त्या आज्ञांवाचून सुरूच होत नाहीत. पेंटियम ४ ला त्या समजतात. पेंटियम ३ ला आणि एएमडीच्या अ‍ॅथलॉन एक्सपीला समजत नाहीत. त्यामुळे पेंटियम ३ बाळगणाऱ्या वाचकांनी आजच्या इंटरनेटचा नाद सोडून लेखन, हिशेब आणि जुने खेळ एवढ्यावर समाधान मानावे. आपण त्या रेषेच्या अलीकडच्या बाजूला आहात, पण फार आत नाही.

आपल्या यंत्रासाठी मी अँटीएक्स २३ या हलक्या लिनक्सची ३२ बिटांची आवृत्ती सुचवीन. ती डेबियन १२ या मोठ्या लिनक्सवर आधारलेली असून तिने जड डेस्कटॉपऐवजी आइसडब्ल्यूएमसारखा साधा खिडकी-व्यवस्थापक वापरला आहे, त्यामुळे डेस्कटॉप समोर आल्यावरही सिस्टिमने अडवलेली रॅम शे-दोनशे मेगाबाइटच्या घरातच राहते. मामेभावाने पाहिलेला वेग हाच असावा. मात्र त्यानंतर ब्राउझर उघडून एखाद्या वृत्तपत्राचे एकच पान मागवले की ते पान जाहिराती, चलचित्रे आणि स्क्रिप्टांसह एकटेच तीनचारशे मेगाबाइट सहज मागते. यंत्र डिस्कवर खरडत बसते आणि वडील समजतात की बिघडले. सिस्टिम हलकी निवडणे आपल्या हाती असते, परंतु संकेतस्थळे किती जड असावीत हे त्यांचे मालक ठरवतात. म्हणून सिस्टिम घालण्याच्या आधी रॅम वाढवावी. त्या काळच्या बहुतेक बोर्डांवर २ गिगाबाइटपर्यंत डीडीआर रॅम चालते आणि ती वापरलेल्या मालात अजून मिळते. दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यावी, कारण डीडीआर आणि डीडीआर२ दिसायला बहिणी असल्या तरी त्यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, आणि दाबून बसवण्याच्या नादात स्लॉट फुटतो.

यंत्र बराच काळ बंद असेल तर बटण दाबण्यापूर्वी ते उघडावे. १९९९ ते २००७ या काळात बनलेल्या अनेक मदरबोर्डांवर सदोष रसायनाचे कॅपॅसिटर बसवले गेले होते. प्रोसेसरभोवतीच्या त्या लहान डब्यांची डोकी फुगलेली किंवा तपकिरी झालेली दिसली, तर ते बदलल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही. प्रोसेसरवरची पेस्ट आतापर्यंत खडूसारखी झालेली असते, ती पुसून नवी लावावी. रॅमच्या सोनेरी दातांवर मुंबईच्या चार पावसाळ्यांतच काळपट थर चढतो, येथे तर वीसहून अधिक पावसाळे झाले. पांढऱ्या खोडरबराने ते दात हलके घासणे हा आपल्या दुरुस्तीवाल्यांचा जुना उपाय आहे आणि ‘डिस्प्ले येत नाही’ ही तक्रार पुष्कळदा तेवढ्यानेच मिटते.

बोर्डावरचा सीआर२०३२ हा नाण्याएवढा सेल मात्र न चुकता बदलावा. तो मेलेला असला की यंत्राचे घड्याळ दर वेळी मागच्या कुठल्या तरी वर्षात जाऊन पडते. सुरक्षित संकेतस्थळांच्या प्रमाणपत्रांवर ‘या दिवसापासून त्या दिवसापर्यंत वैध’ असे लिहिलेले असते, त्यामुळे २००३ सालात वावरणाऱ्या संगणकाला आजचे एकही प्रमाणपत्र वैध वाटत नाही आणि प्रत्येक स्थळ असुरक्षित असल्याचा इशारा येतो. नवी सिस्टिम चालत नाही असे ठरवून तीनतीनदा नव्याने इन्स्टॉल करणारे लोक मी पाहिले आहेत. दोष किरकोळ किमतीच्या सेलचा होता.

अँटीएक्सची पूर्ण आवृत्ती सीडीत मावत नाही, तिला डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह लागतो. २००३ चे बायॉस, म्हणजे यंत्र सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, पेन ड्राइव्हवरून सुरू होण्यास बहुधा नकार देईल. तसे झाल्यास प्लॉप बूट मॅनेजर नावाचा छोटा प्रोग्रॅम सीडीवर घेऊन तिच्यावरून यंत्र सुरू करावे, मग तो स्वतःच्या यूएसबी ड्रायव्हरच्या आधारे पेन ड्राइव्ह पुढे करतो. इन्स्टॉल करण्याची घाई नको. आधी नुसते ‘लाइव्ह’, म्हणजे हार्ड डिस्कवर न घालता, चालवून आवाज, पडदा आणि नेटवर्क तिन्ही चालतात का ते पाहावे.

मराठी लिहिण्यासाठी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांची प्रमाण कळ-मांडणी लिनक्सच्या कीबोर्ड-व्यवस्थेत मुळातच असते आणि ती वापरण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम चालू ठेवावा लागत नाही. उच्चारानुसार रोमन अक्षरांनी लिहिण्याची सोय हवी असेल तर आयबस किंवा एफसिटिक्स घालावे लागते, ते काही मेगाबाइट खाते, पण २ गिगाबाइटमध्ये त्याची चिंता नाही. फॉन्ट म्हणून लोहितचे पॅकेज घालावे. नाट्यगीते ब्राउझरमध्ये लावू नयेत. त्यातले चलचित्र उलगडताना हा प्रोसेसर धापा टाकतो. तीच गीते एमपीव्ही या प्लेअरमधून, चित्राचा दर्जा ३६० वर ठेवून किंवा चित्र अजिबात न मागवता लावल्यास वडिलांना काही अडचण येऊ नये.

राहता राहिली बँक. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने २०२५ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे फायरफॉक्स १४४ ही ३२ बिटांच्या लिनक्ससाठीची शेवटची आवृत्ती ठरली, आणि दीर्घ पाठिंब्याच्या १४० व्या आवृत्तीला सप्टेंबर २०२६ पर्यंतची मुदत दिली गेली. क्रोमने तर ३२ बिटांचे लिनक्स २०१६ मध्येच सोडले. सुरक्षा-दुरुस्त्यांची अशी काठावरची स्थिती असलेल्या ब्राउझरमध्ये पैशांचा व्यवहार करू नये. खाते पाहण्यासाठी वडिलांचा मोबाइल या यंत्रापेक्षा कितीतरी बरा.

प्रश्न : २००९ चा कोअर २ ड्युओ लॅपटॉप, रॅम ४ गिगाबाइट. विंडोज १० सुरू व्हायला चहा होऊन थंड होतो. यालाही अँटीएक्सच का? — एक वाचिका, बोरिवली

उत्तर : नाही, आपले यंत्र ६४ बिटांचे आहे, त्याला इतके उपाशी ठेवण्याचे कारण नाही. आधी त्यातली फिरती हार्ड डिस्क काढून अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क, बसवावी. आपल्या तक्रारीतला बराचसा भाग सिस्टिम न बदलताच नाहीसा होईल. मग लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती किंवा लुबुंटू घालावे. रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ९ आणि त्यावर आधारलेल्या सिस्टिमांच्या वाटेला जाऊ नये, कारण त्यांना जे आज्ञासंच किमान लागतात ते कोअर २ ड्युओच्या नंतर आले. गूगलच्या क्रोमओएस फ्लेक्सविषयीही बरेच जण विचारतात. त्याला ४ गिगाबाइट रॅम चालते, परंतु २०१० पूर्वीच्या भागांवर अनुभव चांगला येणार नाही असे खुद्द गूगलच सांगते.

प्रश्न : बहिणीची २००८ सालची छोटी नेटबुक आहे, त्यावर ‘अ‍ॅटम एन२७०’ लिहिले आहे. तीन वेगवेगळ्या लिनक्सांचे पेन ड्राइव्ह लावून पाहिले, तिन्ही वेळा काळ्या पडद्यावर एकच ओळ येते की या कर्नलला एक्स८६-६४ प्रोसेसर लागतो, सापडला तो आय६८६. यंत्र बिघडले आहे का? — एक विद्यार्थी, मुलुंड

उत्तर : यंत्र धडधाकट आहे. त्या ओळीचा अर्थ एवढाच की आपण ६४ बिटांच्या सिस्टिमा आणल्या आणि एन२७० हा २००८ मध्ये येऊनही ३२ बिटांचाच प्रोसेसर आहे. सालावरून अंदाज करण्यात हीच फसगत होते : २००६ चा कोअर २ ड्युओ ६४ बिटांचा आणि दोन वर्षांनी धाकटा अ‍ॅटम ३२ बिटांचा.

३२ बिटांची दारे मात्र एकेक करून बंद होत आहेत. उबुंटूने २०१९ मध्ये या वाटेवरून अंग काढले, ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटांसाठी इन्स्टॉलर राहिला नाही, आणि डेबियन १२ चा दीर्घ पाठिंबा जून २०२८ पर्यंतच आहे. अँटीएक्स २३ असो वा पपी लिनक्सची बुकवर्मपप ३२ असो, दोन्हींचे पाणी त्याच डेबियन १२ च्या टाकीतून येते. तेवढा काळ गृहीत धरून कोणतीही एक घ्यावी. नेटबुकच्या पाठीवरचे झाकण उघडून १ ऐवजी २ गिगाबाइटची डीडीआर२ पट्टी बसवता आली तर बसवावी. बहुतेक एन२७० नेटबुकांची कमाल मर्यादा तीच आहे.

आपण विद्यार्थी आहात म्हणून एक आडवाटही सांगतो. हायकू नावाची, लिनक्स नसलेली एक सिस्टिम आहे. बीओएस या जुन्या सिस्टिमची मालक कंपनी विकली गेल्यावर त्या सिस्टिमच्या चाहत्यांनी २००१ पासून ती नव्याने लिहायला घेतली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तिची पाचवी बीटा आवृत्ती आली. तिची ३२ बिटांची आवृत्ती अजून निघते, ती नेटबुकवर भराभर उघडते आणि खिडक्या सरकवताना अडखळत नाही. तिचा ब्राउझर कच्चा आहे आणि एखाद्या वाय-फाय कार्डावर तिचे घोडे अडते, त्यामुळे परीक्षेच्या काळात तिच्यावर विसंबू नये. सुट्टीत जरूर पाहावी.

प्रश्न : आमचा लहानसा छापखाना आहे. १९९९ च्या यंत्रावर विंडोज ९८, पानमांडणीचा पेजमेकर आणि मराठी फॉन्टचे पॅकेज आहे. मागे प्रिंटरच्या पोर्टला त्या पॅकेजचे लॉक लावलेले असते, ते नसले की पॅकेज चालत नाही. पंचवीस वर्षांच्या पत्रिका, अहवाल आणि दिवाळी अंक त्यात आहेत. पुतण्या म्हणतो, यावर हलके लिनक्स टाकू म्हणजे हे यंत्रही नवे होईल आणि फायलीही उघडतील. करू द्यावे का? — एक मुद्रक, प्रभादेवी

उत्तर : पुतण्याला आज तरी त्या यंत्राला हात लावू देऊ नका. त्याचा उत्साह योग्य आहे, पण त्यासाठी दुसरे यंत्र द्या.

कारण फॉन्टमध्ये आहे. त्या काळच्या मराठी फॉन्टांत अक्षरांचे निव्वळ आकार रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेले असत. आपण ‘क’ छापत होता तेव्हा फाइलमध्ये प्रत्यक्षात एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह नोंदवले जात होते आणि फॉन्ट त्याच्यावर ‘क’चा मुखवटा चढवत होता. फॉन्ट नसलेल्या नव्या यंत्रावर फाइल उघडली की मुखवटा गळून पडतो आणि पानभर रोमन खिचडी दिसते. युनिकोड या आजच्या प्रमाण संकेतपद्धतीत देवनागरीला स्वतःचे क्रमांक आहेत, शिवाय तेथे अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवली जातात. ‘किरण’ या शब्दात जुन्या फॉन्टमध्ये आधी वेलांटी आणि मग ‘क’ येई, जसे हाताने खिळे जुळवताना येई. युनिकोडमध्ये आधी ‘क’ आणि मग वेलांटी येते. ‘सूर्य’ मधला रफार जुन्या फाइलमध्ये ‘य’च्या नंतर असतो, युनिकोडमध्ये मात्र तो अर्धा ‘र’ म्हणून ‘य’च्या आधी येतो. म्हणून रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला अक्षरास अक्षर बदलून भागत नाही, त्याला क्रमही उलटावे लागतात, आणि प्रत्येक फॉन्टचा तक्ता वेगळा असल्यामुळे एका पॅकेजचे रूपांतरक दुसऱ्याला चालत नाही. जोडाक्षरे, ‘ऱ्ह’ आणि ‘ऱ्य’ मधला आडवा रकार आणि अनुस्वार यांत चुका राहतातच. रूपांतर झाल्यावर मुद्रितशोधन अटळ आहे, हे आपल्याला मी सांगावे असे नाही.

लॉकची गोष्ट त्याहून सरळ आहे. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइनच्या मदतीने पेजमेकर उघडलाही, तरी समांतर पोर्टवरच्या लॉकशी संवाद साधण्याची आशा धरू नये. लॉक, पोर्ट आणि विंडोज ९८ हे त्रिकूट एकत्र आहे तोवरच ते पॅकेज चालेल असे धरून चला.

पहिले काम डिस्कची प्रत. पंचवीस वर्षे फिरलेली ती आयडीई (जुन्या रुंद पट्टीच्या जोडणीची) डिस्क कोणत्याही सकाळी संप पुकारू शकते. ती काढून आयडीई-यूएसबी अडॅप्टरने पुतण्याच्या लिनक्स यंत्राला जोडावी आणि डीडीरेस्क्यू या प्रोग्रॅमने तिची जशीच्या तशी प्रतिमा घ्यावी. हा प्रोग्रॅम खराब जागी अडून न राहता आधी चांगला भाग उचलतो आणि मग मागे वळून उरलेल्याचा प्रयत्न करतो. त्या काळच्या डिस्का काही गिगाबाइटच्याच असत, त्यामुळे संपूर्ण डिस्कची प्रतिमा आज पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावते. दोन प्रती काढून एक घरी ठेवा. मग तीच प्रतिमा कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर उतरवून आयडीई अडॅप्टरने जुन्या यंत्रात बसवली, तर यंत्राला फिरता भाग म्हणून पंखे तेवढे उरतील. हे यंत्र इंटरनेटला कधीही जोडू नये.

दुसरे काम जुन्या फायलींच्या छपाईयोग्य प्रतींचे, आणि ते जुन्या यंत्रावरच करावे लागेल. तेथे पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत लिहिणाऱ्या प्रिंटरचा ड्रायव्हर घालून प्रत्येक काम कागदाऐवजी फाइलमध्ये छापावे, फॉन्ट आत समाविष्ट करण्याचा पर्याय चालू ठेवावा, आणि ती फाइल लिनक्सवर घोस्टस्क्रिप्टने पीडीएफमध्ये बदलावी. अशी पीडीएफ दुरुस्त करता येत नसली तरी ती पाहता येते आणि पुन्हा छापता येते. गिऱ्हाइकाला पंधरा वर्षांपूर्वीचा अहवाल दाखवायला तेवढे पुरते. लिबरऑफिसचा ड्रॉ हा भाग ४.४ आवृत्तीपासून पेजमेकरच्या फायली थेट उघडू शकतो, पण मांडणी हलते आणि मजकुराची खिचडी वर सांगितल्याप्रमाणे होतेच.

नवी कामे नव्या यंत्रावर युनिकोडमध्येच घ्यावीत. त्यासाठी बोरिवलीच्या वाचिकेला सांगितला तसा एखादा वापरलेला ६४ बिटांचा संगणक पुरतो. पानमांडणीसाठी स्क्रायबस हा प्रोग्रॅम आहे, त्याच्या १.६ आवृत्तीपासून देवनागरीची जोडाक्षरे नीट जुळतात. त्याआधीची आवृत्ती घेऊन निराश होऊ नये. फॉन्टांची पूर्वीसारखी वानवा राहिलेली नाही. आपल्या मुंबईच्याच एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बालू, तसेच राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा हे फॉन्ट लॉक न लावता वापरता येतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक. घरी १९८९ चा पीसी-एक्सटी आहे, ८०८८ प्रोसेसर, ६४० किलोबाइट मेमरी, २० मेगाबाइटची हार्ड डिस्क आणि पुढे टर्बोचे बटण. यावर एखादी आजची सिस्टिम चालणे शक्य आहे का, की प्रश्नच वेडा आहे? — एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : प्रश्न वेडा नाही, आणि खरे सांगायचे तर सगळ्या पत्रांत मला हेच पत्र अधिक आवडले. ज्याला आपण लिनक्स म्हणतो तो १९९१ मध्ये ३८६ प्रोसेसरसाठी लिहिला गेला आणि २०१३ मध्ये त्यानेच ३८६ ची साथ सोडली. ८०८८ ला तर त्याने कधीच घरात घेतले नव्हते. परंतु एल्क्स नावाचा एक प्रकल्प नेमका ८०८६ आणि ८०८८ साठी लिनक्सच्या धर्तीवरची छोटी सिस्टिम बनवत आला आहे आणि त्यावर आजही काम चालू आहे. ती ३६० किलोबाइटच्या एका फ्लॉपीवरून सुरू होते, तिच्यात शेल (आज्ञा टाइप करण्याची सोय) आणि व्हीआय हा मजकूर-संपादक आहे आणि एनई२००० जातीचे नेटवर्क कार्ड मिळाले तर ती नेटवर्कवरही येते. आपल्याला डॉसच हवे असेल तर फ्रीडॉस आहे. जिम हॉल यांनी १९९४ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाची १.४ ही आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये निघाली आणि तिचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, ८०८६ वरही चालतो. वर्डस्टार, डीबेस आणि आपल्या काळातले बेसिकचे प्रोग्रॅम फ्रीडॉसवर वापरता येतील. एल्क्समध्ये युनिक्सच्या, म्हणजे लिनक्स ज्या धर्तीवर घडले त्या जुन्या सिस्टिमच्या, आतली यंत्रणा उघड्या डोळ्यांनी वाचता येईल. शिक्षक असल्याने आपल्याला दुसरे अधिक रुचेल असा माझा अंदाज आहे.

अडचण सिस्टिमची नसून ती यंत्रापर्यंत नेण्याची आहे. सव्वापाच इंची फ्लॉपी आज लिहायची कुठे? यावर तोडगा म्हणजे गोटेक नावाचे उपकरण, जे फ्लॉपी ड्राइव्हच्या जागी बसते आणि पेन ड्राइव्हवरील प्रतिमा फ्लॉपी म्हणून पुढे करते. हार्ड डिस्कच्या जागी एक्सटी-आयडीई कार्ड आणि कॉम्पॅक्ट फ्लॅश लावता येते. जुनी डिस्क एकदा जरी सुरू झाली, तरी तिच्यातील मजकूर सीरियल पोर्टवरून ताबडतोब बाहेर काढावा. दुसरी संधी मिळेलच असे नाही.

वीज देण्याआधी आणखी एक काळजी. या पिढीच्या बोर्डांवर थेंबाच्या आकाराचे टँटलम कॅपॅसिटर असतात, ते वर्षानुवर्षांनी वीज मिळताच शॉर्ट होऊन फटाक्यासारखे फुटतात. पहिल्यांदा बटण दाबताना झाकण लावलेले असावे आणि तोंड लांब असावे. ज्यांच्याकडे २८६ किंवा ३८६ आहे त्यांनी बोर्डावरची निळी, पिंपाच्या आकाराची रिचार्जेबल बॅटरी आजच कापून काढावी, कारण ती गळून तांब्याच्या रेषा खाते आणि आपल्या दमट हवेत ही कीड लवकर पसरते. यंत्रात सी-डॅकचे जिस्ट कार्ड सापडले तर मात्र ते टाकू नका. डॉसच्या पडद्यावर देवनागरी आली ती अशा कार्डांमधून. आपण फळ्यावर सांगितलेल्या इतिहासापेक्षा तो काही कमी नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या अभ्यासिकेसाठी रहिवाशांनी आठ जुने संगणक दिले आहेत : पाच पेंटियम ४, दोन कोअर २ ड्युओ आणि एक २०११ चा कोअर आय३. इंटरनेट सध्या नाही. सगळ्यांवर एकच हलकी सिस्टिम घालून आठही चालवावेत असा कार्यकारिणीचा विचार आहे. — एक चिटणीस, भांडुप

उत्तर : आठ संगणकांची रांग उद्घाटनाच्या फोटोत छान दिसेल, पण माझे मत तीनच ठेवावेत असे आहे. काचेच्या मॉनिटरसह एक पेंटियम ४ साधारण १५० वॉट घेतो असे धरले, तर पाच मिळून ७५० वॉट होतात. रोज सहा तास चालवल्यास दिवसाला साडेचार युनिट, महिन्याला १३५ युनिट. तेवढ्या खर्चात मुलांना मिळणार काय, तर पेटीभर उष्णता आणि पंख्यांची घरघर. मे महिन्यात त्या खोलीत कोण बसेल?

पेंटियमांचे भाग वापरावेत. चांगले कीबोर्ड, माउस आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याच्या पेट्या) बाजूला काढावेत. रॅम मात्र त्यांची बहुतेक डीडीआर जातीची असेल, ती कोअर २ ड्युओला चालणार नाही. दोन्ही कोअर २ ड्युओ ४ गिगाबाइटपर्यंत न्यावेत, तिन्ही यंत्रांना एसएसडी बसवावी आणि तिन्हींवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घालावी, म्हणजे मुलांना एकीकडून उठून दुसरीकडे बसताना नव्याने शिकावे लागणार नाही. एकच सिस्टिम असावी हा कार्यकारिणीचा मुद्दा तेवढ्यापुरता मला मान्य आहे.

इंटरनेट नाही ही उणीव मानू नये. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्स, लिबरऑफिस आणि प्रोग्रॅमिंगवरचे पाठ मराठीतही उपलब्ध आहेत, ते एकदा उतरवून तिन्ही यंत्रांवर ठेवता येतात. किविक्स या प्रोग्रॅममधून मराठी विकिपीडिया पूर्णपणे नेटशिवाय वाचता येतो. वर पहिल्या उत्तरात ज्या ब्राउझरच्या ओझ्याविषयी लिहिले, ते येथे जवळजवळ राहतच नाही, आणि म्हणून नेटविना जुनी यंत्रे आपल्या वयाच्या मानाने बरीच तरतरीत वाटतात.

दात्यांच्या डिस्का पुसल्याशिवाय कोणाच्याही हाती देऊ नयेत. फाइल ‘डिलीट’ केल्याने किंवा नवी सिस्टिम घातल्याने आधीचे सारे जाते असे नाही. घरचे फोटो, पॅन कार्डाच्या प्रती आणि पत्रव्यवहार त्यात उरलेले असतात. एनवाइप हा प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवरून चालवून प्रत्येक फिरती डिस्क आरंभापासून अंतापर्यंत नव्याने लिहून काढावी. ४० किंवा ८० गिगाबाइटला काही तास लागतात, रात्री लावून ठेवल्यास सकाळी काम झालेले असते.

उरलेले पेंटियम आणि काचेचे मॉनिटर रस्त्यावरच्या भंगारवाल्याकडे देऊ नयेत. त्या काचेत शिसे असते आणि तांब्यासाठी ती गटाराकाठी फोडली जाते. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांची यादी असते, त्यांपैकी एकाकडे माल सोपवून पावती घ्यावी आणि ती सोसायटीच्या दप्तरी लावावी. आणि कार्यकारिणीने आठच्या आठ यंत्रे चालवण्याचा हट्ट धरलाच, तर ती सगळी एका एक्स्टेन्शन बोर्डावर जोडू देऊ नका. ५ अँपिअरच्या सॉकेटची ताकद साडेअकराशे वॉटच्या आसपास संपते. वायरमनला बोलावून खोलीसाठी स्वतंत्र लाइन आणि अर्थिंग तपासून घ्या, मग उद्घाटनाची तारीख ठरवा.